तीन सेकंदांची मुभा

बाइंडर गच्चीवरून पडला नव्हता, गच्चीवर पडला होता. हा फरक तो येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगायला बघत होता आणि कोणी ऐकून घेत नव्हतं. पाण्याच्या टाकीवर चढून अँटेनाची सैल झालेली तार ताणताना पाय सटकला, चार फुटांवरून खाली आला आणि पडणारा कुणीही जे करतो तेच त्यानं केलं, दोन्ही हात पुढे टाकले. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, डाव्या हाताचा अंगठा मुरगळला. उजवा हात अंगठ्यासकट प्लास्टरमध्ये गेला, डाव्या अंगठ्याला पट्टी लागली. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. पुस्तकं बांधायचं दुकान बंद झालं आणि शर्टाची बटणं बायको लावू लागली. तेही त्यानं निमूट सोसलं असतं. पण त्याचा रविवार बारा दिवसांवर आला होता.

त्याच्या गावात हौशी रेडिओवाल्यांची एक हजेरी असते, दर रविवारी सकाळी आठला. घरोघरी लायसन काढून बसलेली पंचवीस-तीस माणसं ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जमतात. एक जण कंट्रोल होतो आणि एकेकाचं कॉलसाइन, म्हणजे लायसनबरोबर मिळालेलं अक्षर-आकड्यांचं नाव, पुकारतो. ज्याचं त्यानं हजर म्हणायचं, कुणाची प्रकृती कशी आहे, कुणी नवी तार कुठे बांधली, ते सांगायचं आणि गप्प बसायचं. बाहेरच्या माणसाला यात काय मजा आहे ते कळत नाही आणि कळून घेण्याची गरजही नाही. कंट्रोलची पाळी फिरती असते. बाइंडरनं ती एकोणीस वर्षं चुकवली होती. कधी घसा बसला, कधी वीज गेली, कधी दुकानात कामाचा डोंगर. पाळ्यांचं वेळापत्रक सांभाळणारे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, त्यांनी त्याचं एकही कारण तपासून पाहिलं नाही. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बाइंडर बोलताना अडखळतो.

अडखळतो म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणत बसत नाही. क्वचित तसंही होतं, पण बहुतेक वेळा तो एखाद्या अक्षराशी येऊन उभाच राहतो. ओठ जुळतात, मान किंचित पुढे येते आणि पुढे काही नाही. शब्द त्याला स्वच्छ माहीत असतो. माहीत नसणारा तो एकटाच आहे अशा समजुतीनं मग समोरचा माणूस दया दाखवतो आणि त्याचं वाक्य पुरं करतो. बँकेत पुरं करतात, दुकानात पुरं करतात, घरात तर करतातच. अर्ध्या वेळा चुकीचं करतात, आणि तो मान डोलावतो, कारण दुरुस्त करायचं तर पुन्हा बोलायला हवं. लोकांनी आजवर त्याच्या तोंडात घातलेली वाक्यं बांधायला घेतली तर चार जाडजूड खंड होतील, आणि त्यातलं एकही त्याचं नसेल.

बांधायला आलेलं आधी वाचून काढायचं ही त्याची जुनी खोड. बावीस वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकानं रेडिओच्या मासिकांचा गठ्ठा आणून टाकला, तो त्यानं बांधायच्या आधी दोनदा वाचला. त्यात त्याला ते बटण सापडलं. हातातल्या माइकच्या कडेला एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम दाबलं तर आवाजावर आवाज पडून नुसती शिट्टी ऐकू येते, म्हणून समोरच्यानं ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडेपर्यंत दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा तिथला पहिला धर्म. बाइंडरनं परीक्षा दिली, लायसन काढलं, जुना सेट घेतला. पहिल्यांदा बटण दाबलं, स्वतःच्या कॉलसाइनवर येऊन सहा सेकंद उभा राहिला, आणि त्या सहा सेकंदांत कुणीही काही बोललं नाही. बोलूच शकत नव्हतं. अंगठ्याखाली एवढीशी कळ, आणि ती दाबलेली असेपर्यंत सगळं जग रांगेत उभं. त्या दिवशी तो स्वयंपाकघरात येऊन बायकोला मिठी मारून गेला. का, ते त्यानं सांगितलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी हवेवर विचारलं होतं, “या फेरीत कंट्रोल कोण कोण घेतंय?” बाइंडरनं बटण दाबलं आणि दाबून धरलं. अकरा सेकंद शांतता. मग तो म्हणाला, “मी घेतो. ओव्हर.” मास्तरांनी नाव लिहून घेतलं आणि पुढच्याला विचारलं. त्या साधेपणाबद्दल बाइंडर त्यांचा आजन्म ऋणी आहे.

आता तोच अंगठा प्लास्टरमध्ये होता. मास्तरांचा फोन आला, पुढच्या फेरीत घ्या, घाई काय आहे. पुढची फेरी सात महिन्यांनी. बाइंडर स्वतःला ओळखून होता. एकदा टळलं की ते कायमचं टळलं, मग पुन्हा घसा आणि वीज आणि कामाचा डोंगर. तो फोनवर “नाही” म्हणाला. हा शब्द त्याला कधी अडत नाही, फक्त तो वापरायची संधी मिळत नाही.

मग प्रयोग सुरू झाले. माइक टेबलावर ठेवून कोपरानं बटण दाबून पाहिलं, तर माइक निसटून भिंतीवर आपटला. उरलेल्या बोटांनी दाबून पाहिलं. जुना माइक, कडक स्प्रिंग, बोटं दुखायला लागली. पायानं दाबायचं बटण मागवलं होतं, ते रविवारनंतर चार दिवसांनी येणार होतं. शेवटी बायको म्हणाली, मी दाबते. ती दवाखान्याच्या खिडकीत बसून दिवसभर केसपेपर काढते, नावं पुकारते, असल्या कामाला तिचा हात बसलेला. तिनं दाबलं. तो बोलू लागला, मध्येच एका अक्षराशी थांबला, आणि तिनं बटण सोडून दिलं.

“सो- सोडलंस का?”

“मला वाटलं झालं तुमचं.”

तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तिला वाटलं झालं. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या वेगानं तिनं त्याची वाक्यं उरकली होती त्याच वेगानं तिचा अंगठा उठत होता. तिचा बिचारीचा दोष नव्हता, आणि तरी बाइंडर त्या संध्याकाळी तिच्याशी धड बोलला नाही. धड बोलला नाही हे तिच्या लक्षातही आलं नाही, हे आणखी वाईट.

गुरुवारी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. रेडिओचा नाद त्याला बाइंडरनंच लावलेला, पण चार वर्षांत तो गुरूचा गुरू झाला होता. मनानं सोन्यासारखा माणूस. मध्यरात्री हाक मारा, येईल. आणि आला की तुम्हाला काय हवंय ते तुमच्याआधी त्याला समजलेलं असेल.

“भावोजी, बटण विसरा. व्हॉक्स लावू. तुम्ही बोललात की सेट आपोआप चालू, थांबलात की आपोआप बंद. हात लावायची गरजच नाही. सेटमध्ये सोय दिलीय ती काय शोभेला?”

थांबलात की बंद, हे बाइंडरला तिथंच खटकलं होतं. पण त्यावर त्यानं तोंड उघडेपर्यंत मेहुण्यानं पेचकस काढला होता.

कॉम्प्युटरचा डोक्यावर घालायचा हेडफोन, त्याला दांडीवरचा माइक, असं एक जुनं धूड मेहुण्यानं आणलं होतं. त्याची पिन वेगळी, सेटचं सॉकेट वेगळं. मध्ये एक तार डाग देऊन जोडली. सेट चालू केला, व्हॉक्स चालू केला. बाइंडर बोलला. काही नाही. मोठ्यानं बोलला. काही नाही. मेहुण्यानं त्याच्या तोंडापुढे टाळ्या वाजवल्या. सेट ढिम्म. त्या असल्या माइकला थोडी वीज द्यावी लागते म्हणून मेहुण्यानं तार उलगडून पुन्हा डाग दिले. काही नाही. आणखी एकदा उलगडली. खोलीभर कथलाचा धूर झाला.

आता इथं घोडं कुठं पेंड खात होतं ते बाइंडरला दहाव्या मिनिटालाच समजलं होतं. सेटला आवाज दोन वाटांनी घेता येतो, पुढच्या माइकच्या सॉकेटातून किंवा मागच्या जॅकमधून. मागचा जॅक त्यानं कॉम्प्युटर जोडायला वापरला होता आणि सेटिंग तिथंच राहिलं होतं. पुढे बोंबललं तरी सेटला ऐकू जाणार नव्हतं.

“म...” बाइंडर म्हणाला.

“माइक? माइक बरा आहे हो, घरी तपासून आणलाय.”

“म...”

“मीटर कशाला आता?”

“म... मा...”

“माहितीय, माहितीय. वीज पोचत नाहीये. तेच बघतोय ना.”

बाइंडरनं बोटानं दाखवायला हात उचलला, तर प्लास्टरमुळे तो हात मेहुण्याला ‘राहू दे’ असा दिसला. मेहुणा म्हणाला, “तुम्ही शांत बसा भावोजी, ताण घेऊ नका.” एक तास वीस मिनिटांनी मेहुण्याला मेनूत फिरता फिरता ते सेटिंग सापडलं आणि तो ओरडला, “बघा. मागच्या जॅकवर होतं. तुमच्या लक्षात कसं नाही आलं?” बायकोनं दारातून भावाकडे कौतुकानं पाहिलं. बाइंडरला त्या क्षणी दोन चांगले हात असते तर ती डाग द्यायची बंदूक त्यानं कुठे टेकवली असती सांगता येत नाही.

शुक्रवारी सेटला ऐकू यायला लागलं, आणि इतकं यायला लागलं की पुरे. बाइंडर हळू बोलतो म्हणून मेहुण्यानं व्हॉक्सचा गेन, म्हणजे त्याच्या कानाची धार, वाढवून ठेवला होता. कुकरची शिट्टी झाली, सेट चालू. इमारतीचा पंप सुरू झाला, सेट चालू. शेजारचा शिंकला, सेट चालू. मास्तर त्या वेळी चाचणीसाठी हवेवर आले होते. त्यांचा आवाज स्पीकरमधून आला, तो याच माइकनं ऐकला आणि मास्तरांवरच सेट चालू झाला. मास्तरांचं प्रत्येक वाक्य मास्तरांच्याच आवाजानं तोडलं जाऊ लागलं. तेव्हा बाइंडरला क्षणभर बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. मग स्पीकर बंद करून कानातला आवाज तेवढा ठेवला, गेन कमी केला, पुन्हा थोडा वाढवला. एका टोकाला सेट बहिरा, दुसऱ्या टोकाला भोचक. मधली जागा केसाएवढी, आणि गेनचं ते बटण फिरवायला बाइंडरकडे अंगठा नव्हता. मेहुण्याला सांगायचं, की थोडं... आणि मेहुणा त्याआधीच जास्त फिरवायचा.

त्यात आणखी एक खुबी निघाली. आवाज ऐकून जागं व्हायला सेटला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिलं अक्षर गळतं. म्हणून व्हॉक्सवाले आधी ‘अं’ म्हणून सेटला उठवतात आणि मग बोलतात. मेहुणा हसून म्हणाला, “तुमच्या फायद्याचंच आहे भावोजी. तुम्ही दोनदा म्हणालात तर एक सेट खाऊन टाकेल, लोकांना कळणारच नाही.” तो हे प्रेमानं म्हणाला. यातलं कुणाला काही कळू नये म्हणून बाइंडर या नादाला लागलेला नव्हता.

खरा घोळ शनिवारी निघाला. बोलणं थांबल्यावर सेटनं किती वेळ थांबून बंद व्हायचं, त्याचं एक सेटिंग असतं. मेहुण्यानं ते अर्ध्या सेकंदावर ठेवलं होतं. “पुस्तकात तसंच दिलंय.” बाइंडर श्वास घेतो तेवढ्यात सेट बंद. बाइंडरनं स्वतः नाकानं, खरंच नाकानं, मेनूचं बटण दाबत तो आकडा वाढवत नेला. एक. दीड. दोन. अडीच. तीन. त्याच्यापुढे आकडा जाईना. पुन्हा दाबलं. तीन. तीनच.

सेट बनवणाऱ्या कंपनीत कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलं होतं की माणूस वाक्याच्या मध्ये जास्तीत जास्त तीन सेकंद गप्प राहतो. त्याहून जास्त गप्प राहिला तर त्याचं संपलं. बाइंडर आपल्या कॉलसाइनवर सहा सेकंद उभा राहतो. चांगल्या दिवशी पाच. हे गणित शाळेतल्या पोरालाही जमेल. आयुष्यभर माणसांनी जे केलं ते आता यंत्रानंही करायचं होतं, आणि तेही त्याच्याच पैशानं आणलेल्या, त्याच्याच टेबलावरच्या यंत्रानं. त्याला इतकं हताश वाटलं की तो प्लास्टरचा हात टेबलावर आपटून बसला आणि मग तो हात दुखला म्हणून आणखी चिडला.

संध्याकाळी मेहुणा पुन्हा आला आणि म्हणाला, “टेन्शनच संपवलं.” सेटला बोलणं साठवून ठेवायची सोय असते. मेहुण्यानं घरूनच मोबाइलवर हजेरीचं सुरुवातीचं बोलणं भरून आणलं होतं, बाइंडरच्या कॉलसाइनसकट. आता ते फक्त सेटमध्ये घालायचं. त्यानं वाजवून दाखवलं. खणखणीत, एका दमात, मेहुण्याच्या आवाजात. “तुम्ही नुसतं ‘अं’ म्हणा, पुढचं हे बोलेल. यादी मी घरून पुकारतो. कंट्रोल तुमच्या नावावर.”

“न... नको,” बाइंडर म्हणाला.

“अहो, तो एवढा तुमच्यासाठी खपतोय,” बायको म्हणाली.

बाइंडर उठला आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून उभा राहिला. रडायला यायला हवं होतं, पण राग इतका होता की रडूही मध्येच अडलं. बाहेर भाऊ-बहीण हलक्या आवाजात बोलत होते. त्याला किती जड जात असेल, असं काहीतरी. बरोबर होतं ते. फक्त काय जड जातंय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

रविवारी पावणेआठला तो टेबलाशी बसला. बायको शेजारी वही-पेन्सिल घेऊन बसली, कारण नावं कुणीतरी लिहायला हवी होती. मेहुणा आपल्या घरी, आपल्या सेटवर. आठ वाजले. बाइंडर ‘अं’ म्हणाला. सेट उठला.

“शुभ सकाळ. रविवारच्या हजेरीत सगळ्यांचं स्वागत. मी आजचा कंट्रोल,” इथवर तो नीट आला, आणि मग कॉलसाइनच्या दुसऱ्या अक्षराशी उभा राहिला. एक. दोन. तीन. खट्. सेट बंद झाला आणि कानात खरखर सुरू झाली. पुढच्या क्षणी मेहुण्याचा आवाज आला. त्यानं बाइंडरचं कॉलसाइन पुरं केलं, मग म्हणाला, कंट्रोल स्टेशनला जरा तांत्रिक अडचण आहे, त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे, ते ऐकताहेत, तोवर मी यादी सुरू करतो. तो बोलतच राहिला. त्याच्यावर बोलून उपयोग नव्हता. दोघांची मिळून शिट्टी झाली असती, आणि बटण दाबून बोलणाऱ्या मेहुण्याला तीही ऐकू गेली नसती. बाइंडर थांबला. इतकी वर्षं हवेवर त्यानं हा धर्म पाळला होता, आताही पाळला. बायकोनं यादीतलं पहिलं नाव लिहायला पेन्सिल टेकवली. मेहुण्यानं श्वास घ्यायला बटण सोडलं.

“अं. मी अजून बोलतोय.”

कुठेही न अडता गेलं ते. बायकोची पेन्सिल वर उचलली गेली.

“अडचण तांत्रिक नाही. मी असाच बोलतो. माझा सेट मध्ये मध्ये बंद पडेल. त्याला वाटेल माझं संपलं. संपलं की मी ओव्हर म्हणेन. तोवर कुणी येऊ नका.”

या एवढ्या बोलण्यात तो दोनदा अडला, पण तीन सेकंदांच्या आत निघाला. मग त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली. शुभ सकाळ, स्वागत, मी आजचा कंट्रोल. आणि तेच अक्षर. एक. दोन. तीन. खट्. खरखर.

आता अंगठ्याखाली काही नव्हतं. जागा मोकळी होती आणि ज्याला हवं तो तिच्यात शिरू शकत होता. चार. पाच. त्याची नजर सेटच्या मीटरवर होती. कुणी बटण दाबलं असतं तर काटा उठला असता. सहा. शेजारी बायकोचे ओठ त्याच अक्षरासाठी जुळले होते. तिनं ते पेन्सिलनं दाबून धरले. सात. आठ. काटा शून्यावर. नऊ. अक्षर आलं, सेट उठायला लागला तेवढ्यात ते गळून गेलं, म्हणून त्यानं ते परत म्हटलं, आणि त्याच्यामागून बाकीचं कॉलसाइन आलं.

“ओव्हर.”

मग तो यादी पुकारू लागला. मास्तरांनी नुसतं “हजर, ओव्हर” म्हटलं. एकेक जण येत गेला. कुणाचा गुडघा, कुणाची नवी बॅटरी. बाराव्या नंबरावर मेहुण्याचं कॉलसाइन होतं. बाइंडर त्याच्या शेवटच्या अक्षराशी येऊन थांबला. उरलेलं एकच अक्षर, आणि ज्याचं कॉलसाइन त्यालाच ते सगळ्यांत आधी माहीत. खट्. खरखर. चार, पाच, सहा, सात. बायको मीटरकडे बघत होती. आठव्या सेकंदाला बाइंडरनं ते अक्षर म्हटलं, सेटनं ते खाल्लं म्हणून परत म्हटलं.

“ओव्हर.”

मग काटा उठला.

“हजर,” मेहुणा म्हणाला. त्याच्याकडे दर रविवारी सांगायला पुष्कळ असायचं. “ओव्हर.”

बायकोनं वहीत त्याच्यापुढे खूण केली आणि बाइंडरनं तेराव्याला हाक मारायला तोंड उघडलं.